क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण तालुक्याच्या मैदानावरून सुरू व्हावे

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की खेळात रस असलेल्या मुलामुलींसमोर दोन वाटा येतात आणि त्या दोन वाटांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. पहिली वाट शारीरिक शिक्षणाची, म्हणजे बी.पी.ई.एस., बी.पी.एड. आणि एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदव्यांची. या वाटेने जाणारी मुले बहुतांशी तालुक्याच्या गावांतली असतात; कबड्डी, खो-खो, कुस्ती किंवा मैदानी स्पर्धा खेळून आलेली असतात; शाळेत खेळाचे शिक्षक व्हावे आणि ते न जमल्यास पोलीस भरतीत उतरावे, असा त्यांचा विचार असतो. दुसरी वाट क्रीडा व्यवस्थापनाची. ती मुख्यतः मुंबई-पुण्यात आहे, इंग्रजी माध्यमातून आहे, खासगी संस्थांत तिचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते आणि तिच्या माहितीपत्रकांवर झगमगत्या स्टेडियमची छायाचित्रे असतात. पहिल्या वाटेवरच्या विद्यार्थ्याला मैदान आखता येते, पण स्पर्धेचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. दुसऱ्या वाटेवरच्या विद्यार्थ्याला प्रायोजकासमोर सादरीकरण करता येते, पण ज्या खेळाचे सादरीकरण तो करतो त्या खेळाचे मैदान किती मीटरचे असते, हे त्याला पुष्कळदा विचारून घ्यावे लागते.

ही फारकत विद्यार्थ्यांच्या हिताची नाही आणि खेळाच्याही हिताची नाही, असे माझे ठाम मत आहे. शारीरिक शिक्षण आणि क्रीडा व्यवस्थापन हे महाविद्यालयात एकत्रच शिकवले गेले पाहिजेत आणि त्या शिक्षणाची प्रयोगशाळा व्यावसायिक लीग ही नसून शालेय क्रीडा स्पर्धांचे तालुक्याचे मैदान ही असली पाहिजे. महाराष्ट्रात दरवर्षी सर्वांत जास्त खेळाडू ज्या स्पर्धांत उतरतात, त्या याच आहेत, आणि व्यवस्थापनाची सर्वांत मोठी उणीवही तिथेच आहे.

आपल्याकडे या दोन गोष्टी मुळात वेगळ्या नव्हत्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ची. खो-खोसारख्या देशी खेळांना लिखित नियमांच्या चौकटीत बसवण्याच्या कामात या संस्थेचा मोठा वाटा आहे. याच जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारे धावपटू पाहून सर दोराबजी टाटांनी भारताचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचे मनावर घेतले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला तो संघ गेला. खेळाडू निवडणे, निधी उभा करणे, प्रवासाची सोय करणे आणि मागाहून १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहणे, या सगळ्याला आज आपण क्रीडा व्यवस्थापन म्हणू. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. आखाड्यापासून निघालेली ही संस्था पुढे शारीरिक शिक्षणाचे मोठे केंद्र झाली आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. वऱ्हाडातल्या एका व्यायाम मंडळाने त्या काळात बर्लिनपर्यंत पथक नेणे, हे शरीरबळाइतकेच संघटनबळाचे काम होते. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाचीही हीच गोष्ट. व्यायामशाळा, शाळा आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय हे सारे एकाच संस्थेने चालवले.

कोल्हापूरचे उदाहरण तर महाविद्यालयाच्या थेट संबंधातले आहे. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयात शिकत होते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांना पाठवण्यासाठी पैसे कमी पडू लागले तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या कांस्यपदकामुळे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. प्राचार्यांचा त्याग वंदनीय आहे, यात शंका नाही. पण एका प्राचार्याला घर गहाण ठेवावे लागते, याचा अर्थ गुणवान खेळाडूला स्पर्धेपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था तेव्हा नव्हती, असाही आहे. त्या पदकानंतर ७२ वर्षांनी, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. स्वप्नील लहान वयात राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला आणि त्याला उत्तम प्रशिक्षक मिळाल्या. दोन कांस्यपदकांमधला फरक पाहिला, तर पैसा, निवास, प्रशिक्षण, नोकरी आणि साहित्य यांची सलग साखळी दुसऱ्या वेळी उभी होती, हे दिसते. ही साखळी उभी करणारी आणि चालती ठेवणारी माणसे तयार करणे, हे महाविद्यालयीन शिक्षणाचे काम आहे.

आता शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात प्रत्यक्ष काय शिकवले जाते, ते पाहू. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनंतर तो दोन वर्षांचा झाला. शरीररचना आणि शरीरक्रिया, क्रीडा मानसशास्त्र, जीवयांत्रिकी, क्रीडा प्रशिक्षण, मापन व मूल्यमापन, योग, पंचकार्य, अध्यापनाचा सराव, नेतृत्व शिबिर आणि शिवाय लेझीम, डंबेल्स, कवायत यांची प्रात्यक्षिके असा त्याचा विस्तार आहे. बाहेरच्यांना वाटते की इथे दोन वर्षे केवळ पळायचे असते. ज्यांनी एकदा धावपट्टी आखली आहे, ते असे म्हणणार नाहीत.

चारशे मीटरची धावपट्टी आखताना पहिल्या मार्गिकेची लांबी आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेरून मोजतात आणि बाकीच्या मार्गिकांची २० सेंटीमीटर बाहेरून. मार्गिकेची रुंदी १.२२ मीटर. त्यामुळे वळणांवर बाहेरच्या धावपटूला जास्त अंतर पडते आणि ते भरून काढण्यासाठी त्याची सुरुवातीची रेषा पुढे सरकवावी लागते. पूर्ण चारशे मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या मार्गिकेसाठी हे अंतर ७.०४ मीटर येते आणि तिथून पुढे प्रत्येक मार्गिकेला सुमारे ७.६७ मीटरची भर पडते. टेप, दोरी, खुंट्या आणि चुना घेऊन विद्यार्थी ही आखणी ओबडधोबड मैदानावर करतात, आणि जिल्ह्याच्या मैदानावर ती चुकली तर एखाद्या मुलीची विभागीय स्पर्धेची संधी चुकीच्या रेषेमुळे जाऊ शकते. हेच भाग्यपत्रिकेचे, म्हणजे कोणता संघ कोणाशी खेळणार हे ठरवणाऱ्या तक्त्याचे. एकोणीस संघ आले तर बाद पद्धतीने, म्हणजे हरला तो बाहेर या पद्धतीने, अठरा सामने होतात आणि पहिल्या फेरीत तेरा संघांना पुढे चाल, म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश, द्यावी लागते. तेच संघ साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना असे, खेळवायचे ठरवले तर सामने १७१ होतात. मैदाने दोन, पंच सहा आणि दिवस दोन असताना कोणती पद्धत घ्यायची, मानांकन कोणाला द्यायचे, एकाच शाळेचे दोन संघ एका अर्ध्यात येऊ नयेत म्हणून काय करायचे, हे ठरवणे म्हणजेच व्यवस्थापनाचा पहिला धडा होय. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत तो वर्षानुवर्षे शिकवला जात आहे, फक्त त्याला ते नाव दिले गेलेले नाही आणि तो तिथेच थांबतो. पैसा, करार, विमा, प्रसिद्धी, सुरक्षितता, तक्रार निवारण, आकडेवारीची नोंद यांपर्यंत तो जात नाही.

या थांबण्याचे एक कारण असे की, या अभ्यासक्रमाने स्वतःसमोर एकच नोकरी ठेवली: शाळेतील शारीरिक शिक्षण शिक्षक. आणि ती नोकरी आता फार थोड्यांच्या वाट्याला येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा शाळेला मैदान असावे असे सांगतो, प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य द्यावे असे सांगतो, पण सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा, एवढ्यावर थांबतो. पूर्णवेळ शिक्षक त्यात नाही. पटसंख्येवर बेतलेल्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांच्या मंजुरीत, भाषा, गणित, विज्ञान यांच्या शिक्षकांचा हिशेब आधी होतो आणि खेळाचे शिक्षक निवृत्त झाले की त्यांची जागा कित्येक शाळांत रिकामीच राहते. मग पी.टी.चा तास गणिताचा राहिलेला भाग पूर्ण करण्यासाठी दिला जातो. महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद असते, परंतु तिथेही कायम जागा थोड्या आणि तासिका तत्त्वावरची कामे जास्त. दोन पदव्या, नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा आणि मैदानावरची कित्येक वर्षे खर्ची घातलेला तरुण तिशी ओलांडल्यावरही तासिकांच्या मानधनावर राहतो, याचे दुःख मला फार वाटते. कारण ही मुले कष्टाला कधीच मागे हटलेली नसतात.

इथे पात्रतेच्या अटींकडेही लक्ष वेधायला हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार महाविद्यालयीन संचालकाच्या पदासाठी शारीरिक क्षमता चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १८०० मीटर आणि महिला उमेदवाराने आठ मिनिटांत १००० मीटर अंतर कापावे लागते. ही अट योग्यच आहे. मात्र स्पर्धांचे आणि शिबिरांचे आयोजन केल्याचा पुरावा प्रामुख्याने वरच्या पायरीवर, उपसंचालकाच्या पदासाठी, मागितला जातो. पहिल्याच दिवशी ज्या माणसाच्या हाती महाविद्यालयाचा जिमखाना, त्याचा निधी, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे यजमानपद आणि शेकडो विद्यार्थ्यांची सुरक्षितता येणार आहे, त्याने यापूर्वी एखादी स्पर्धा तडीस नेली आहे का, हा प्रश्न आपण पहिल्याच पायरीवर विचारायला हवा.

क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्यांबद्दल माझी तक्रार त्या असण्याबद्दल नाही. २००८ मध्ये आयपीएल आली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आणि इंडियन सुपर लीग आल्या, २०२२ मध्ये खो-खोचीही व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि या सर्वांना प्रशिक्षित माणसांची गरज होतीच. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये या विषयाला वाहिलेली संस्था सुरू केली, ती काळाची पावले ओळखूनच. मातीवर खेळली जाणारी कबड्डी मॅटवर, प्रकाशझोतात आणि दूरचित्रवाणीवर नेण्याचे श्रेय खेळाडूंइतकेच त्यामागच्या व्यवस्थापकांना आहे. महाराष्ट्राच्या गावोगावच्या कबड्डीपटूंना खेळावर पोट भरता येऊ लागले, ही लहान गोष्ट नाही.

तक्रार आहे ती या शिक्षणाच्या नजरेबद्दल. खेळ म्हणजे प्रेक्षकांना विकायची करमणूक, हे गृहीत धरून अभ्यासक्रम रचला की विद्यार्थी ब्रँड, प्रायोजक, प्रक्षेपण हक्क आणि चाहत्यांचे मन यांचा अभ्यास करतो. चौदा वर्षांच्या मुलीला घरापासून चाळीस किलोमीटरवरच्या मैदानावर सुरक्षित नेऊन, खेळवून, संध्याकाळी परत कसे आणायचे, हा प्रश्न त्याच्यासमोर येतच नाही. शिवाय लीगचे काम हंगामी असते. देशातल्या सगळ्या लीगा मिळून जितक्या कायम नोकऱ्या देतात, त्याहून कितीतरी जास्त काम जिल्हा आणि तालुका पातळीवर पडून आहे, फक्त त्या कामासाठी आपण माणसे नेमलेली नाहीत. भरमसाट शुल्क भरून पदवी घेतलेल्या मुलाला स्पर्धेच्या काळात बिनपगारी किंवा नाममात्र मानधनावर राबावे लागते आणि हंगाम संपला की पुन्हा शोध सुरू होतो, ही तक्रार अनेक पालकांकडून ऐकू येते आणि तीत तथ्य आहे.

तालुक्याच्या मैदानावर काय होते, ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. शालेय क्रीडा स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत, मुलामुलींच्या स्वतंत्र, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाखालची जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालये त्यांचे नियोजन करतात, परंतु मैदानावर प्रत्यक्ष उभे असतात ते शाळांचे क्रीडा शिक्षक. तेच संघ घेऊन येतात, तेच पंच होतात, तेच गुणलेखन करतात, तेच दुखापत झालेल्या मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. हा हंगाम ऐन पावसाळ्यात सुरू होतो. मैदानावर चिखल असतो, आखलेल्या रेषा सकाळच्या एका सरीत वाहून जातात, सामने लांबतात आणि लांबच्या गावच्या मुलांची शेवटची एसटी चुकते. मुलींसाठी कपडे बदलण्याची आडोशाची जागा आणि स्वच्छतागृह नसेल, तर पुढच्या वर्षी त्या शाळेचा मुलींचा संघ येत नाही, आणि मग आपण म्हणतो की ग्रामीण भागातल्या मुली खेळात मागे आहेत. वयाच्या दाखल्यांवरून वाद होतात. एका शाळेच्या शिक्षकाने दुसऱ्या शाळेच्या सामन्यात दिलेल्या निर्णयावरून कटुता येते, आणि आपल्याच संघाच्या सामन्यात पंच होण्याची वेळ येऊ नये म्हणून काहीजण संकोचून मागे राहतात.

ही सर्व कामे व्यवस्थापनाची आहेत. पर्यायी मैदान आधीच ठरवणे, सामन्यांचे वेळापत्रक एसटीच्या वेळांशी जुळवणे, तटस्थ पंचांची यादी करणे, दाखल्यांची छाननी स्पर्धेच्या आठवडाभर आधी पूर्ण करणे, प्रथमोपचार पेटी आणि वाहन तयार ठेवणे, मुलींच्या सोयीची जबाबदारी एका शिक्षिकेकडे लेखी सोपवणे, निकाल त्याच दिवशी जाहीर करून पुढच्या पायरीला कळवणे. यासाठी मोठा पैसा लागत नाही; शिकलेला माणूस लागतो. प्रत्येक तालुक्याच्या स्पर्धेला शारीरिक शिक्षण आणि व्यवस्थापन एकत्र शिकणारे दहा-बारा विद्यार्थी दिले, त्यांचे काम मूल्यांकनाला धरले आणि त्यांच्या प्राध्यापकाला मैदानावर उभे केले, तर एका हंगामात ते विद्यार्थी इतके शिकतील की वर्गात वर्षभर शिकूनही तेवढे हाती लागणार नाही. शिक्षकांच्या खांद्यावरचा भार हलका होईल तो वेगळाच.

या स्पर्धांना इतके महत्त्व देण्यामागे आणखी एक कारण आहे. राज्यस्तरावर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य शासनाच्या सेवेत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे तालुक्याच्या मैदानावर सुरू झालेली नोंद पुढे एखाद्याच्या आयुष्यभराच्या नोकरीपर्यंत पोहोचते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघड झाली, तेव्हा प्रामाणिक खेळाडूंवर झालेला अन्याय भरून येण्याजोगा नव्हता. कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर, कोणता संघ खेळला, कोण खेळाडू होते, पंच कोण होते, याची निर्दोष नोंद खालच्या पायरीपासून ठेवली गेली तर अशा बनावटीला जागाच उरत नाही. ही नोंद ठेवणे हे क्रीडा व्यवस्थापनाचे सर्वांत नीरस वाटणारे आणि सर्वांत गरजेचे काम आहे, असे मी मानतो.

तालुका आणि जिल्हा क्रीडा संकुलांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. २००१ आणि २०१२च्या राज्य क्रीडा धोरणांनंतर संकुलांच्या इमारती उभ्या राहिल्या, काही सुंदर आहेत. पण बांधकामाला निधी मिळतो आणि ते चालवायला माणूस मिळत नाही, अशी परिस्थिती अनेक ठिकाणी आहे. कोणी लाकडी मैदानाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये समारंभ भरवतो, कुठे व्यायामशाळेची यंत्रे गंजतात, कुठे कुलूप उघडायची वेळच ठरलेली नसते. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले. तिथे २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. इतके मोठे संकुल दोन स्पर्धांच्या मधल्या काळात जिवंत कसे ठेवायचे, देखभालीचा खर्च कसा काढायचा आणि तरीही सामान्य खेळाडूला दार उघडे कसे ठेवायचे, हा अभ्यासाचा विषय आहे. त्याच बालेवाडीत उभारायच्या राज्याच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा डिसेंबर २०२०मध्ये विधिमंडळाने संमत केला. तमिळनाडूने शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठ त्याआधी दीड दशक उभे केले होते आणि त्याच्या नावातच दोन्ही विषय जोडलेले आहेत. आपल्या विद्यापीठानेही केवळ उच्च तंत्रज्ञान आणि परदेशी सहकार्य यांत न गुंतता राज्यातल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांना हाताशी धरावे आणि प्रत्येक तालुका संकुलाला एक प्रशिक्षित व्यवस्थापक देण्याची योजना आखावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला आक्षेप शारीरिक शिक्षणाच्या जुन्याजाणत्या प्राध्यापकांचा आहे. व्यवस्थापन आले की मैदान मागे पडेल, विद्यार्थी घाम गाळायचे सोडून संगणकासमोर बसतील, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती मी हलकी मानत नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. अशा देशात शारीरिक शिक्षण हे आधी शरीराचे शिक्षण राहिले पाहिजे. म्हणूनच मी व्यवस्थापनाचा वर्ग वाढवा असे म्हणत नसून ते मैदानावर शिकवा असे म्हणतो. ज्याने स्वतः धावपट्टी आखली, स्वतः पंचगिरी केली आणि स्वतः संघ घेऊन प्रवास केला, त्यालाच अंदाजपत्रक, विमा आणि करार शिकवावेत.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनवाल्यांचा. तालुक्याच्या स्पर्धेत पैसा नाही, तिथे व्यवस्थापक कशाला जाईल, असे ते विचारतात. आज पैसा नाही हे खरे आहे. पण २०२५चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आल्यावर संघटनांना निवडणुका, हिशेब, खेळाडूंचे प्रतिनिधित्व, महिलांचा आणि अल्पवयीन खेळाडूंचा सुरक्षित सहभाग, तक्रारींचे निवारण यांकडे गांभीर्याने पाहावे लागणार आहे. राष्ट्रीय संघटनांपासून सुरू झालेली ही शिस्त राज्य आणि जिल्हा संघटनांपर्यंत झिरपणार. जिल्हा संघटनेचा कारभार आज एखादे निवृत्त शिक्षक घरातल्या कपाटातल्या फायलींवर चालवतात, प्रामाणिकपणे आणि स्वखर्चाने चालवतात. त्यांच्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नाही. पगारी सचिव, स्पर्धा व्यवस्थापक, संकुल व्यवस्थापक, नोंदणी अधिकारी ही पदे तिथे निर्माण व्हावी लागतील आणि ती शासनाने, स्थानिक स्वराज्य संस्थांनी आणि संघटनांनी मिळून निर्माण करावी लागतील. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महाराष्ट्राने ८० सुवर्णपदकांसह पहिला क्रमांक मिळवला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. इतके खेळाडू घडवणाऱ्या राज्याला शे-दोनशे पगारी व्यवस्थापक परवडत नाहीत, हे मला पटत नाही.

भाषेचा मुद्दाही सोडता येणार नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. ज्या भाषेत इतके मोठे काम झाले, त्या भाषेत आज क्रीडा करार, क्रीडा विमा किंवा संकुलाची देखभाल यांवर विद्यार्थ्याला हाती धरून शिकवणारी पुस्तके अगदी विरळ आहेत. मराठी माध्यमातून आलेली, मैदानावर तरबेज असलेली मुलगी केवळ इंग्रजी पुस्तकांना घाबरून व्यवस्थापनापासून दूर राहते. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी हे काम अग्रक्रमाने हाती घ्यावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या रचनेत सहअभ्यासक्रमांसाठी श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत आणि त्यांत क्रीडा, योग, एनसीसी, एनएसएस येतात. स्पर्धा आयोजनाचे काम या श्रेयांकांत धरले, तर कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे विद्यार्थीही या कामाकडे वळतील. वाणिज्याचा विद्यार्थी हिशेब पाहील, संगणकाचा विद्यार्थी निकालांची नोंद ठेवील.

हे बदल होईपर्यंत प्रवेशाच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी काही गोष्टी तपासून पाहाव्यात, असे मला कळकळीने सांगायचे आहे. शिक्षक व्हायचे असेल तर बी.पी.एड. अभ्यासक्रमाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची चालू मान्यता आहे का, हे प्रवेशापूर्वीच पाहावे. केवळ क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीवर शाळेतील शिक्षकाची पात्रता मिळत नाही, हे अनेकांना शुल्क भरल्यानंतर कळते. व्यवस्थापनाची पदवी घ्यायची असेल तर ती कोणत्या विद्यापीठाची आहे, की संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र आहे, हे विचारावे. नोकऱ्यांचे आकडे दाखवले जातील तेव्हा त्यांतल्या किती कायम आहेत आणि किती एका हंगामापुरत्या, हे लेखी मागावे. शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतः स्पर्धा भरवल्या आहेत, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोणती स्पर्धा पहिल्या पत्रापासून शेवटच्या हिशेबापर्यंत चालवली आणि त्या स्पर्धेचा जमाखर्च पाहायला मिळेल का, हेही विचारावे. जे महाविद्यालय असा जमाखर्च दाखवू शकते, तिथे शुल्क थोडे जास्त असले आणि इमारत साधी असली, तरी प्रवेश घ्यावा.